प्रकरण अकरावं : बॉयलरची सनद

वैशाखातली चतुर्दशी म्हटली की पिंगळीतल्या या घराचा दिवस ठरलेला असायचा. दुपारभर पोथी, दिवस मावळताना नरसिंहाचा जन्म, मग सुंठवडा. आणि पोथी संपल्यावर, सुंठवडा हातावर पडायच्या आधी, घरातली जी काही मोठी गोष्ट असेल ती सगळ्यांनी बसून बोलायची. हा रिवाज धुरपताबाईच्या सासऱ्यांनी, बन्सीधरांनी घालून दिला होता. याच बैठकीत लग्नं ठरली होती, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या होत्या, आणि एका साली धाकट्या दिरानं, वैजीनाथनं, तंबाखू सोडली होती. ती त्यानं पुढच्याच अष्टमीला पुन्हा धरली, पण ती बैठकीबाहेरची गोष्ट.

यंदाची गोष्ट आजवरच्या सगळ्या गोष्टींहून मोठी होती. परभणीच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मुंजाजी सोळा मोसम बॉयलर सांभाळत होता, तिथल्या शेठनं ठरवलं होतं की यापुढं सनदवाल्या माणसाशिवाय बॉयलरला कुणी हात लावायचा नाही. सनद मिळायची हैदराबादला, वर्षभर वर्गात बसून. बाहेरचा माणूस आणण्यापेक्षा मी माझाच माणूस शिकवून आणतो, असं शेठ आपण होऊन म्हणाला होता. फी त्याची, राहणं-जेवण त्याचं, वर घरी अर्धा पगार चालू. बदल्यात परत आल्यावर पाच मोसम हेच जिनिंग धरून राहायचं. एवढं करून त्यानं नाव घेतलं ते मुंजाजीचं. एक तर मुंजाजी लोखंडी कांब बॉयलरला टेकवून तिचं दुसरं टोक कानाला लावायचा आणि आत काय बिघडायला लागलंय ते आठ दिवस आधी सांगायचा. शिवाय शेठनं त्याला पोखर्णीच्या नरसिंहापुढं पोथी वाचताना बघितलं होतं. या माणसाला अक्षर येतं, हे शेठनं तेव्हाच मनात धरून ठेवलं होतं.

पण मुंजाजीला अक्षर येत नव्हतं. आणि हे त्याच्याखेरीज फक्त धुरपताबाईला माहीत होतं, निदान ती तसं समजत होती.

तिला ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळलं. पोथीच्या एका पानावर खांबातून निघालेल्या नरसिंहाचं चित्र होतं. त्या साली वाचताना ते पान उलटं आलं, देव डोक्यावर उभा राहिला, आणि नवरा न अडखळता पुढं वाचत गेला. दुसऱ्या दिवशी रानात तिनं विचारलं तेव्हा मुंजाजी बांधावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. वडिलांनी नवव्या वर्षापासून शेजारी बसवून सगळी पोथी पाठ करून घेतली होती. शब्द चुकला की छडी. अक्षर शिकवायचं मात्र राहून गेलं, आणि वडील गेल्यावर "मला येत नाही" असं म्हणायची वेळ टळून गेली होती. त्या दिवसापासून पोथी बांधायचं काम धुरपताबाईनं आपल्याकडं घेतलं. सुटी पानं होती, एकतीस. सर्वांत वर कुंकवाचा डाग, त्याखाली तेलाचा थेंब, मग जळका कोपरा, मग हळदीचं बोट. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण डागांची ही ओळ ती कधी चुकली नाही. या घरच्या पोथीत हिरण्यकश्यपू आधी मरायचा आणि मग त्याचं लग्न लागायचं. ऐकणाऱ्यांना त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. देवाधर्माची गोष्ट, ती कशीही असू शकते.

यंदा बैठकीला जिनिंगचे मुन्शी माणिकराव आले होते, शेठचा कागद घेऊन. त्यांना मानानं मुंजाजीच्या अगदी शेजारी घोंगडीवर बसवलं. तिथून पोथीचं अक्षर सरळ दिसत होतं.

मुंजाजीनं लाल फडकं सोडलं. वरच्या पानावर कुंकवाचा डाग नव्हता.

तिनं मान उंच करून पाहिलं. वर आलं होतं ते कुठलं तरी मधलं, कोपऱ्यावर घुशीनं कुरतडलेलं पान. फडकं तर तिनंच बांधलं होतं, फाल्गुनात. मग तिला आठवलं, की गुढीपाडव्याच्या सारवणात पोथीच्या देवळीला वाळवी लागलेली निघाली तेव्हा सुनेनं, दैवशालेनं, पोथी उन्हात टाकली होती. दैवशाला सेलूची, दोन बुकं शिकलेली. पोरीनं पानं परत बांधली तेव्हा धुरपताबाई पाण्याला गेली होती.

मुंजाजीची बोटं क्षणभर थांबली. मग त्यानं डोळे मिटून नमस्कार केला आणि नेहमीच्या भारदस्त आवाजात सुरुवात केली. आवाज सुरेख होता. आत्याबाई, म्हणजे बन्सीधरांची बहीण कडूबाई, भिंतीला टेकून माळ ओढायला लागली. माणिकराव मान डोलवायला लागले. दुसऱ्या पानाला त्यांची नजर सहज मुंजाजीच्या हातातल्या कागदावर गेली, आणि त्यांची मान डोलायची थांबली. धुरपताबाईला वाटलं, पृथ्वीनं आपल्याला पोटात घ्यावं. माणिकरावांनी नजर उचलली आणि समोरच्या कोनाड्यावर ठेवली, ती पोथी संपेपर्यंत हलवली नाही.

पोथी संपली. वैजीनाथनं घसा साफ केला. तो शेती बघायचा, भावाच्या वाट्याचीही तोच.

"दादा, मनात ठिवायचं न्हाई म्हणून बोलतो," तो म्हणाला. "बेचाळीस वय झालं तुजं. ह्या वयात पोरासोरांत बाकड्यावर बसायचं? आमचा वाल्मीक तिथंच जिनिंगात हाय. जवान हाय, चौथीपोत शिकलेला हाय. त्याला जाऊ दे."

"शेठनं नाव कुणाचं घेतलं?" कडूबाईनं माळ न थांबवता विचारलं.

"नाव बदलता येतंय, आत्याबाई," वैजीनाथची बायको छबूबाई बायकांतून म्हणाली. "कागुदच हाय तो."

"बदलायचं असंल तर शेठ बदलंल. तू कशाला बदलायलीस?"

खांबाला टेकून बसलेला वाल्मीक जमिनीकडं बघत राहिला. बावीस वर्षांचा होता, पण आईबापासमोर त्याला तोंड उघडायची सवय नव्हती.

मुंजाजी म्हणाला, "मी जातो म्हणलंय शेठला. शब्द दिलाय."

"शब्दाचं काय, दादा. वरीसभर तू न्हाईस, आन् वापस आल्यावर पाच मोसम बांदलेला. तुजा पोरगा भुजंग तिकडं जालन्याला हमालीवर. मी एकट्यानं किती रान वडायचं?"

हे मात्र खरं होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. माणिकरावांनी पिशवीतून कागद काढला.

"मुंजाभाऊ, आधी हा इकरारनामा तर ऐकू द्या सगळ्यांना," ते म्हणाले. आवाज मऊ होता, पण ते मुंजाजीच्या डोळ्यांत बघत होते. "शेठनं मुद्दाम मराठीत लिहून घेतलाय. तुमीच वाचा मोठ्यानं. वर्ग उर्दूत हाय, पण तिथली लिपी तिथंच पहिल्या चार महिन्यांत शिकवतात. शर्त एकच, कोणती तरी एक लिपी माणसाला आधी यायला पाहिजे."

मुंजाजीनं कागद घेतला. त्यानं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"उजेड पुरंना," तो म्हणाला.

"दीस अजून कासराभर वर हाय, दादा," वैजीनाथ म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, तो आपलं खरं तेच बोलला.

मुंजाजीनं कागदाची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली. धुरपताबाई त्या हातांकडं बघत होती. मनगटापर्यंत वाफेनं भाजल्याचे पांढरे चट्टे असलेले हात.

"वैजा म्हणतो तेच बरूबर हाय," मुंजाजी म्हणाला. "वय झालं माजं. डोळे बी गेले. वाल्मीकला जाऊ द्या. मी... रानात बगतो काय ते."

इतक्या लवकर आपलं म्हणणं मान्य होईल असं वैजीनाथलाही वाटलं नव्हतं. छबूबाईनं मात्र डोक्यावरचा पदर समाधानानं नीट केला.

धुरपताबाईला एकदम भीती वाटली, आणि ती पोथी उघडली तेव्हाच्या भीतीहून मोठी होती. मोसम संपल्यावर हा माणूस काही ना काही निमित्त काढून आगगाडीनं परभणीला जायचा आणि गार पडलेल्या बॉयलरवरून हात फिरवून यायचा, हे तिला माहीत होतं. घरात जेवताना भांडं पडलं तर तो आवाजावरून ते तडा गेलेलं आहे की नाही ते सांगायचा. त्याला रानात काय बघायचं होतं? नांगर धरला तर सरळ तास पडत नव्हतं त्याचं. बावीस वर्षं तिनं त्याची लाज झाकली होती, आणि आता ती झाकलेली लाजच त्याला खाऊन टाकायला निघाली होती.

"त्यांचे डोळे चांगले हायेत," ती म्हणाली. बायकांच्या बाजूनं एवढ्या स्पष्ट आवाजात बैठकीत कुणी बोलत नसे. "त्यांना वाचता येत न्हाई. कदीच येत नव्हतं. पोथी पाठ हाय त्यांची."

कडूबाईची माळ थांबली. मुंजाजीनं बायकोकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर तिनं सोसला असता. तो कागद घोंगडीवर ठेवून उठला, पायात वहाणा न घालता ओट्यावर गेला आणि भिंतीआड झाला.

"वैनी," वैजीनाथचा आवाज फाटला, "काय केलं तुमी हे? चारचौघांत? मी बाजारात लोकांला सांगत फिरलो, माजा भाऊ पोथी वाचतोय म्हणून. आबाची पोथी हाय ती. आबाची इज्जत घालवली तुमी."

"बरं झालं की," छबूबाई म्हणाली. "आता सवालच न्हाई. वाल्मीकचंच..."

"तू गप बस जरा," वैजीनाथ तिच्यावर ओरडला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून ती खरंच गप्प बसली.

माणिकराव म्हणाले, "मला कळलं हुतं, वैनी. पान येक आन् वाचन भलतंच. म्हणूनच कागद हातात दिला. माझी नोकरी हाय, खोटं लिहून नेता येत न्हाई. आषाढातल्या पुनवेला निघायचं, आन् त्या दिवशी शेठ स्वतः येक पान वाचून घेणार." ते खांबाकडं वळले. "वाल्मीक, तुला बॉयलर कळतो का रे?"

वाल्मीकनं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं. मग सरळच म्हणाला, "न्हाई. काकांनी चारदा कांब कानाला लावून दिली. मला नुसती घरघर ऐकू येती."

तेवढ्यात माजघराच्या दाराआडून आवाज आला. तो कुणाचा हे ओळखायला पुरुषांना वेळ लागला, कारण तीन वर्षांत त्यांनी तो ऐकलाच नव्हता. दैवशाला सासऱ्यासमोर येत नसे आणि मोठ्यांदा बोलत नसे, तशी या घरची रीतच होती.

"पानं म्या लावली," ती म्हणाली. "चुकी माजी हाय. पण चुकीची लावली न्हाईत. पानांवर आकडे हायेत, त्या आकड्यांनं लावली. आधी सगळी उलटीपालटी हुती. नववं पान पयलं, मग सतरावं, मग चौथं."

"हे तुला आज कळलं?" धुरपताबाईनं विचारलं.

"पयल्याच साली कळलं. मामंजी बोलायचे येक आन् पान असायचं येक, असं न्हाई. पान तेच असायचं. पण गोष्टच उलटी हुती. आधी राक्षस मरायचा, मग त्याचं लगीन. ज्याला वाचता येतंय त्यो माणूस अशी पोथी वाचूच शकत न्हाई. पयल्या दिवशीच आकडे बगून त्यो पानं नीट लावील. आन् मामंजींनी तर जशी ऐकली तशी पाठ केली. मग ज्यांच्याकडून ऐकली..."

सगळ्यांच्या माना कडूबाईकडं वळल्या.

म्हातारीनं माळ मांडीवर ठेवली. "बन्सीला कोण शिकवणार हुतं?" ती म्हणाली. "आमच्या बापाच्या घरी येक गोसावी यायचा, चार पावसाळे ऱ्हायला. त्याची पोथी ऐकून ऐकून बन्सीनं पाठ केली. गोसावी मेला तवा पोथी बन्सीला दिऊन गेला. हिकडं ऱ्हायला येताना ती वढ्यात पडली. पानं सुटली, दोन-तीन चिकटली. आमी वाळवली आन् हाताला आली तशी बांदली. मग बन्सीनं त्याच पानांच्या वळीनं नवं पाठ केलं. चितरं, डाग बगून."

"आन् तू येवढी वर्षं बोलली न्हाईस?" वैजीनाथनं विचारलं.

"मला कुणी इचारलं न्हाई," कडूबाई म्हणाली, आणि तिनं माळ परत हातात घेतली.

उंबऱ्याशी सावली पडली. मुंजाजी केव्हा आत आला होता कुणास ठाऊक. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"आबाला बी?" तो म्हणाला.

"आबाला बी, बाबा."

तो उंबऱ्यावरच बसला. नवव्या वर्षापासून त्याला वाटत आलं होतं, की वडिलांना जे येत होतं ते आपल्याला आलं नाही, आपणच या घरातला खोटा माणूस. छडी खाताना, नैवेद्य दाखवताना, पोखर्णीला लोक पाया पडताना त्याला तेच वाटत होतं. आणि तो धाक घालणारा बापही आतून तसाच घाबरलेला होता. मुंजाजीला बापाची दया आली, राग आला, आणि त्याहून जास्त काय आलं असेल तर हलकं वाटलं. त्यानं पंच्यानं तोंड पुसलं.

सुनेशी तो थेट बोलू शकत नव्हता, तसं करायचं त्याच्या मनातही आलं नाही. तो बायकोकडंही न बघता बायकोला म्हणाला, "तिला इचार. दोन म्हयन्यात व्हईल का म्हणावं."

धुरपताबाई दाराकडं वळली, पण दारानं ऐकलं होतं. "म्हणावं, सगळी पाठ हाय ना? मग निम्मं झालंच. बोट कुठं ठिवायचं तेवढं शिकायचं राह्यलंय."

माणिकरावांनी कागदाच्या घड्या उलगडल्या आणि दौत-टाक पुढं केला. मुंजाजी पगाराच्या वहीत नेहमी सही करायचा. सही म्हणजे काय, वाल्मीकनं एकदा काढून दिलेलं चित्र तो गिरवायचा. आज त्यानं टाक बाजूला सारला, अंगठा शाईत बुडवला आणि सगळ्यांसमोर कागदावर ठेवला.

"खाली वाल्मीकचं नाव बी लिवा," वैजीनाथ म्हणाला. "दादाला पुनवेपोत जमलं न्हाई तर." मग थोड्या वेळानं, जमिनीकडं बघत, "पण जमंल त्याला. रानाचं बगतो मी."

छबूबाईनं त्या दिवशी सुंठवडा घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून धारा काढून झाल्या की मुंजाजी माजघराच्या दाराबाहेर भिंतीला पाठ लावून बसायचा. दाराच्या आत, त्याच भिंतीला पाठ लावून दैवशाला. मधल्या उंबऱ्यावर सूप घेऊन धुरपताबाई. सून पान सांगायची, सासरा ते मांडीवर घ्यायचा. तोंडात शब्द तयारच असायचे, प्रत्येक शब्दापाशी बोट थांबवायचं, हाच काय तो अभ्यास. अक्षर चुकलं की आतून बांगडी वाजायची. गल्लीतून जाणारे आश्रुबा एकदा थांबून म्हणाले, "काय मुंजाजी, म्हातारपणी मुंज लागली का?" त्यावर मुंजाजीनं मान वर न करता हात हलवला. धुरपताबाईशी तो आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी "पानी दे" म्हणाला, आणि पाणी पिऊन झाल्यावर तांब्या परत देताना, "बोललीस ते बरं केलंस," एवढंच म्हणाला. ती सूप तिथंच टाकून परसात गेली आणि मनसोक्त रडून आली.

ज्येष्ठ संपत आला. चौदा पानं झाली होती. लोक म्हणत होते की हा पठ्ठ्या फडाफड वाचायला लागला, आणि खुद्द मुंजाजीला ठाऊक होतं की तो अजून वाचत नाही, जिभेच्या मागून बोट पळवतोय. हे दैवशालेलाही ठाऊक होतं. शेठ काही पोथी वाचायला देणार नव्हता.

त्या दिवशी आतून तिनं सासूच्या हाती एक पान दिलं. "पंधरावं," ती म्हणाली. "हे चिकटलेलं हुतं. उन्हात टाकलं तवा सुटलं. हे घरात कुणीच ऐकलेलं न्हाई."

मुंजाजीनं पान मांडीवर घेतलं. तोंडात काहीच आलं नाही. त्यानं चौदाव्या पानाचा शेवट पुन्हा म्हटला, वाट पाहिली, तरी पुढं काही येईना. प्रल्हादाला कड्यावरून ढकललं होतं, तिथं गोष्ट तुटली होती. बन्सीधरांनीही ती तिथंच तोडली होती. पुढचं या घराला माहीत नव्हतं.

"बांगडी वाजवू नगंस म्हणावं," तो म्हणाला.

धुरपताबाईनं सूप खाली ठेवलं. त्यानं डाव्या हातानं पान दाबून धरलं आणि उजव्या हाताचं बोट पहिल्या अक्षरावर टेकवलं, बॉयलरवर कांब टेकवायचा तसं, आणि मान किंचित वाकडी केली. खूप वेळ गेला. गोठ्यात वासरू एकदा हंबरलं.

"म," तो म्हणाला.

आतून काही आवाज आला नाही.

"ग." मग त्यानं दोन्ही अक्षरं एका श्वासात धरली, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा कागदानं त्याला असं काही सांगितलं जे त्याला आधी माहीत नव्हतं.

"मग," मुंजाजीनं वाचलं, आणि बोट पुढच्या अक्षरावर नेलं.